सोसायटीच्या ग्रुपवर 'राजकारण नको' म्हणजे नक्की कुणाचं नको?

नऱ्हेकरीण (धागाकर्ती) | रविवार, सकाळी ९:५०

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा पहिलाच नियम: 'राजकीय पोस्ट टाकू नयेत.' नियमाला कुणाची ना नाही. दीडदोनशे बिऱ्हाडं, एकाच लिफ्टने वरखाली करायचं, उन्हाळ्यात एकाच टँकरची वाट बघायची, तिथे दिल्लीची भांडणं कशाला?

माझी शंका अंमलबजावणीबद्दल आहे. जानेवारी २०२४ मध्ये अयोध्येच्या सोहळ्याआधीचा आठवडाभर ग्रुप दिव्यांनी, झेंड्यांनी आणि नेत्यांच्या भाषणांच्या क्लिपांनी भरून गेला होता. एकाने भीतभीतच विचारलं, "हे नियमात बसतं का?" ॲडमिनकाका म्हणाले, "अहो, आनंदाचा सण आहे, यात राजकारण कुठे आलं?" बरं. त्याच वर्षी २५ जुलैला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी शिरलं. आमच्यातल्या कित्येकांचे नातेवाईक तिथे राहतात. एका ताईंनी लिहिलं, "पाणी सोडण्याआधी खालच्या वस्तीला वेळेवर कळवायची जबाबदारी कुणाची? नदीला एवढं खेटून बांधायला परवानगी मिळतेच कशी?" पोस्ट थोड्याच वेळात उडाली. खाली शेरा: "कृपया राजकारण नको."

म्हणजे भाषणाची क्लिप चालते, पुराबद्दलचा प्रश्न चालत नाही.

मला वाटतं हा नियम बहुतेक ठिकाणी असाच चालतो. ज्या मतावर ग्रुपमधल्या बहुसंख्यांचं जमतं, ते त्यांना मत म्हणून दिसतच नाही. त्यांना जे टोचतं तेवढंच राजकारण. त्यामुळे नियमाची काठी दरवेळी अल्पमतातल्यांच्याच पाठीत बसते, आणि ती हाणणाऱ्याला मनापासून वाटत असतं की आपण कुणाच्याच बाजूचे नाही. आमचे ॲडमिनकाका लबाड नाहीत हो. गणपतीच्या वर्गणीचा हिशेब पैन् पै देणारा माणूस आहे.

तुमच्या ग्रुपवर काय चालतं? पक्षांची धुणी इथे धुऊ नयेत ही विनंती. (हे लिहिताना माझं मलाच हसू आलं.)

मुठाकाठ | सकाळी १०:२२

आला. पावसाळा आला की खड्डे येतात तसा हा धागा येतोच.

ताई, उदाहरणं दोनच दिलीत आणि दोन्हींत खलनायक एकच. आयुष्यभर वाट बघितलेल्या माणसाने दिवा लावला तर तो प्रचार, आणि पूर ओसरायच्या आत 'परवानगी मिळतेच कशी' हे मात्र निरागस नागरिकशास्त्र? नदीकाठच्या इमारती काय एका रात्रीत उभ्या राहिल्या? २०१७ च्या आधी पुणे महापालिका कुणाच्या हातात होती, हे त्या ताईंनी विचारलं असतं का? तटस्थपणाचा आव आणायचा आणि दगड मात्र एकाच घरावर मारायचे. 'मला आपला सहज प्रश्न पडला' या वाक्याने सुरू होणाऱ्या पोस्टींचा मला आता वास येतो.

कोथरूडी_बाणा | सकाळी १०:४१

मला नेमकं उलटं वाटलं. धागा फार गुळमुळीत झालाय. 'काका सज्जन आहेत', 'बहुतेक ठिकाणी असंच चालतं' वगैरे. सत्तेवर असलेल्यांचा जयजयकार आणि सत्तेला विचारलेला प्रश्न या दोन गोष्टी तुम्ही तागडीत समोरासमोर ठेवल्यात. त्या सारख्या नाहीतच. पक्षाचं नावसुद्धा घेतलं नाहीत. कुणाला सांभाळून घेताय? असल्या सांभाळून घेण्याचा फायदा नेहमी खुर्चीत बसलेल्यालाच होतो.

निमूट | सकाळी १०:४३

पॉपकॉर्न.

अभ्यासू_बोका | सकाळी ११:३०

वरचे दोन प्रतिसाद एकाखाली एक वाचून मला फार आनंद झाला. एकच लेख, एकाला तो सरकारविरोधी वाटला, दुसऱ्याला सरकारधार्जिणा, आणि दोघांनाही शंभर टक्के खात्री.

यावरचा गाजलेला प्रयोग १९८५ साली प्रसिद्ध झाला, स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांचा. १९८२ मध्ये बैरुतच्या निर्वासित छावण्यांत हत्याकांड झालं होतं. त्याच्या अमेरिकन टीव्हीवरच्या बातम्या त्यांनी विद्यार्थ्यांना दाखवल्या. इस्रायलच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना त्या बातम्या इस्रायलविरोधी वाटल्या. अरबांच्या बाजूच्यांना त्याच बातम्या इस्रायलची तळी उचलणाऱ्या वाटल्या. चित्रफीत एकच. आणि ज्यांना विषयाची माहिती जास्त होती त्यांना पक्षपातही जास्त दिसला! 'लोक अडाणी आहेत म्हणून भडकतात' हे आपल्या पुण्यातलं लाडकं मत इथे जरा लंगडं पडतं. भरपूर वाचणाऱ्याकडे आपल्या बाजूचे दाखलेही भरपूर असतात, त्यामुळे बातमीतून काय गाळलंय हे त्याला चटकन दिसतं. म्हणजे त्याच्या बाजूचं काय गाळलंय तेवढंच.

मुठाकाठ | दुपारी १२:०५

बोकोबा, छान. मग पक्षपाती बातमी नावाची वस्तू जगात नसतेच म्हणा की. चॅनेलवाले धुतल्या तांदळासारखे आणि दोष आमच्या डोळ्यांत.

अभ्यासू_बोका | दुपारी १२:२०

नाही, असं कुठे म्हटलं? पक्षपाती बातम्या ढिगाने असतात. 'मला ही पक्षपाती वाटली' एवढ्यावरून मात्र ती तशी आहे हे ठरत नाही. तुमचं आणि बाणा यांचं दोघांचंही म्हणणं एकाच वेळी खरं असणं अवघड आहे, आणि दोघांनीही धागा वाचताना सारखंच मन लावलंय.

बिनसाखरेचा | दुपारी १:१०

नऱ्हेकरीण ताई, तुमच्या मुद्द्याशी सहमत, पण उलट बाजूचा अनुभव नोंदवतो, नाहीतर मुठाकाठ म्हणतात तसं एकाच घरावर दगड पडतील.

मी बँकेतून निवृत्त झालो. आमच्या युनियनच्या जुन्या मंडळींचा ग्रुप आहे, तिथे बहुमत दुसऱ्या बाजूचं. संविधानाची प्रास्ताविका, मोर्च्याचे फोटो, खाजगीकरणावरचे लेख, सरकारवरची व्यंगचित्रं, सगळं दिवसभर चालतं, त्याला 'जागृती' म्हणतात. ६ मार्च २०२२ ला वनाझ ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाली. आमचा एक जुना कॅशियर नातवाला घेऊन पहिल्याच दिवशी बसून आला. गाडीतला फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "चांगल्याला चांगलं म्हणावं." झालं! सायंकाळपर्यंत त्याला 'प्रचारक', 'तुलाही पगार सुरू झाला का' इथपर्यंत ऐकवून झालं. फोटो 'राजकीय' म्हणून काढायला लावला. तो माणूस चाळीस वर्षं युनियनचा सभासद. आता ग्रुपवर फक्त वाढदिवसाला हात जोडतो.

नऱ्हेकरीण | दुपारी १:३५

@बिनसाखरेचा, हे अगदी माझ्याच मुद्द्यातलं आहे. फक्त तिथे ॲडमिनकाकांच्या जागी कॉम्रेडकाका.

@मुठाकाठ, तुमच्या २०१७ च्या प्रश्नावर: विचारायला हवाच. पण तो विचारायला पोस्ट जागेवर राहायला हवी ना? उडवल्यावर तुमचा उपप्रश्न टांगणार कुठे?

रास्तापेठी | दुपारी ३:४०

तरुण मंडळींना वाटतं की हे सगळं मोबाईलने आणलं. आपल्या गावाला ही खोड जुनी आहे. पंचहौदाचा चहा आठवून पाहा.

४ ऑक्टोबर १८९०. गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाचा कार्यक्रम होता. नंतर चहा-बिस्किटं आली. कुणी प्यायले, कुणी नुसता कप हातात धरला, कुणी बाजूला सारला. न्यायमूर्ती रानडे तिथे होते आणि लोकमान्य टिळकही होते, म्हणजे त्या काळचे दोन्ही पक्ष एकाच टेबलावर. कार्यक्रमाला गोपाळराव जोशीही होते, डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, स्वभावाने कळलावे. त्यांनी हजर असलेल्यांची यादीच 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली. मिशनऱ्यांच्या घरचा चहा घेतला म्हणून गावात वादळ उठलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, बहिष्कार आणि प्रायश्चित्तांवरून वर्षभराहून जास्त काळ भांडणं झाली. शेवटी १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं, तर त्यावरून सुधारक मंडळी त्यांच्यावर नाराज झाली.

आता यात आजचं काय नाही? खाजगी जागेतला फोटो म्हणा, व्हायरल यादी म्हणा, 'तुम्ही चहा प्यायलात की नाही, होय की नाही एवढंच सांगा' म्हणणारे म्हणा. आणि मुळात चहाशी कुणाला देणंघेणं नव्हतं. जो तो त्या यादीत आपल्या विरोधकाचं नाव शोधत होता.

कोथरूडी_बाणा | दुपारी ४:०२

काका, मस्त. पण तेव्हा निदान नावानिशी भांडायचे. इथे कोण मुठाकाठ, कोण बोका, पत्ता नाही.

रास्तापेठी | दुपारी ४:१५

नावानिशी कुठे? त्या काळी वृत्तपत्रांतले अग्रलेख बिननावाचेच असत. 'केसरी'तला कुठला लेख टिळकांचा आणि कुठला आगरकरांचा, यावर नंतरच्या अभ्यासकांनी डोकी खपवलीत. आगरकरांची तर जिवंतपणी प्रेतयात्रा काढली याच गावाने, त्यांच्याच घरावरून. ती काढणाऱ्यांपैकी किती जणांची नावं तुम्हाला माहीत आहेत?

डेस्कवरचा | सायंकाळी ६:५०

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं, खास या धाग्यासाठी.

एका मराठी वृत्तवाहिनीच्या डेस्कवर मी काही वर्षं काढली (कुठल्या ते विचारू नका). संताप कसा शिजतो ते आतून सांगतो, कारण बाहेरच्यांना वाटतं वरून कुणीतरी फोन करून 'आज भडकवा' म्हणून सांगतं. तसे फोन येतही असतील, मालकांचे इतर धंदे आणि सरकारी जाहिराती हे आहेच. पण रोजच्या आरडाओरड्याला फोनची गरज लागत नाही.

सकाळच्या मीटिंगमध्ये रात्रीच्या चर्चेचा विषय ठरतो. विषयाची कसोटी एकच: दोन्ही बाजूंचे प्रवक्ते यावर बोलायला तयार होतील का? धरणातलं पाणी कुणी, किती वाजता, कुणाच्या सहीने सोडलं या विषयावर प्रवक्ता येत नाही, कारण त्याला वाचून यावं लागेल. 'अमुक नेत्याने तमुकांचा अपमान केला' यावर पाच मिनिटांत चार जण होकार देतात. मग गेस्ट कोऑर्डिनेटर फोन लावतो. कोण जाणकार आहे हे कुणी विचारत नाही, 'बोलतो कसा' हे विचारतात. कार्यक्रम सुरू झाला की एखादा सभ्य माणूस शांतपणे तिसरं वाक्य बोलायला घेतो आणि पीसीआरमधून (कार्यक्रमाच्या कंट्रोल रूममधून) अँकरच्या कानात सूचना जाते, तोड याला, त्या दुसऱ्याकडे जा. तो अँकर घरी मुलांशी अत्यंत मऊ बोलतो, माझ्या माहितीतला आहे.

याला मुख्य कारण पैसा. गडचिरोलीला ओबी व्हॅन (थेट प्रक्षेपणाची गाडी), रिपोर्टर, कॅमेरामन पाठवायचा तर दोन दिवस आणि भरपूर खर्च. चार खिडक्यांत चार माणसं घरूनच भांडायला बसवली की तासभर भरतो आणि खर्च जवळपास शून्य.

वर टीआरपी. २०२० च्या सुमारास देशात टीव्ही असलेली घरं वीस कोटींच्या आसपास, आणि मोजणीची यंत्रं जेमतेम ४४ हजार घरांत. त्यातही बातम्या बघणारे थोडे. चार घरांनी रिमोट दाबला तरी आकडा हलायचा. ऑक्टोबर २०२० मध्ये टीआरपी घोटाळ्याची तक्रार झाली आणि टीआरपी मोजणाऱ्या बार्क या संस्थेने वृत्तवाहिन्यांचे आकडे बंद केले, ते मार्च २०२२ पर्यंत. मला वाटलं होतं आता जरा शांतता होईल. छे! आकडा नव्हता तरी सवय होती, आणि तोवर यूट्यूबच्या तुकड्यांना व्ह्यूज मिळायला लागले होते. तासाभराच्या चर्चेतला चाळीस सेकंदांचा तमाशा कापून टाकायचा. तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर जे येतं ते हेच.

अभ्यासू_बोका | सायंकाळी ७:१५

फेसबुकचंही तेच. २०१७ मध्ये त्यांनी इमोजी-प्रतिक्रियांना लाइकच्या पाचपट वजन द्यायला सुरुवात केली, संतापलेला चेहरा धरून. म्हणजे तुम्ही चिडलात की पोस्ट पाचपट जोरात पुढे जायची. हे बाहेर आलं २०२१ मध्ये, कंपनीचीच कागदपत्रं फुटली तेव्हा. तोवर त्यांनी रागाचं वजन टप्प्याटप्प्याने शून्यावर आणलं होतं.

टेकडीवाली | रात्री ८:०५

सगळं पटलं, पण 'संताप वाईट' असा सूर लागतोय तो मला मान्य नाही. १९ मे २०२४, कल्याणीनगर. भरधाव पोर्शखाली दोन तरुण इंजिनीअर गेले आणि अल्पवयीन मुलाला त्याच दिवशी जामीन, वर तीनशे शब्दांचा निबंध लिहायची अट. त्या निबंधावर सगळा देश भडकला नसता तर पुढचं काही बाहेर आलं असतं? ससून रुग्णालयात रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप, डॉक्टरांच्या अटका, हे सगळं लोक चिडल्यावर झालं. त्या आठवड्यात पहिल्यांदाच आमच्या ग्रुपवर सगळ्या पक्षांचे लोक एका बाजूला होते. पब, बिल्डर, पैसा, पोलीस यावर एकमत!

रास्तापेठी | रात्री ८:३०

टेकडीवाली बाई, खरं आहे. पण त्याच आठवड्यात एक रॅपचा व्हिडिओ फिरला, 'आरोपी मुलगा सुटल्यावर शिवीगाळ करत गातोय' म्हणून. माझ्याकडे तो शिकल्यासवरल्या लोकांकडून आला. त्यात तो मुलगा नव्हताच, दुसऱ्याच कुणाचा होता. आणि जूनमध्ये उच्च न्यायालयाने त्या मुलाला निरीक्षणगृहातून सोडायला सांगताना जनक्षोभाच्या दबावाखाली यंत्रणा वागल्याबद्दल स्पष्ट नाराजी नोंदवली. संतापाने दार उघडलं हे मान्य, पण आत कोण कोण शिरलं तेही बघायला हवं.

टेकडीवाली | रात्री ८:४४

खोटा व्हिडिओ फिरला म्हणून खरा राग खोटा ठरत नाही. न्यायालयाचं म्हणणं कायद्याचं आहे, ते बरोबरच. तरी माझं मत कायम. लोक गप्प बसले असते तर तो निबंध तपासून कपाटात गेला असता.

कसबा_मतदार | रात्री ९:१०

आमच्या पेठेतला नमुना ऐका. फेब्रुवारी २०२३ ची कसब्याची विधानसभा पोटनिवडणूक. धंगेकर काँग्रेसकडून निवडून आले. आमच्या ग्रुपवर एका गटाला तो जमिनीवरचा कार्यकर्ता, स्कूटरवरचा माणूस. दुसऱ्या गटाला नुसता स्टंटबाज. पोर्श प्रकरणात ते पोलिसांवर तुटून पडले, तेव्हाही तसंच, एकाला वाघ, दुसऱ्याला नौटंकी. मार्च २०२५ मध्ये ते शिंदेंच्या शिवसेनेत गेले. आठवडाभरात शेरे अदलाबदल! वाघ म्हणणारे 'मुळातच संधिसाधू होता' म्हणू लागले, नौटंकीवाल्यांना त्यांचा जनसंपर्क दिसू लागला. माणूस तोच, आवाज तोच.

आणि हे फक्त कसब्यात नाही. २०१९ पर्यंत ज्यांना शिवसेना जातीयवादी वाटायची त्यांना नोव्हेंबरात ती एकदम सुसंस्कृत दिसली. सिंचनाचे आरोप ज्यांना तोंडपाठ होते त्यांची अजित पवारांच्या २ जुलै २०२३ च्या शपथविधीनंतर दुपारपर्यंत दातखीळ बसली. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं हे ठाऊक होतं, पण बाब्या आणि कार्ट्याची इतकी झटपट अदलाबदल आमच्या आजीनेही पाहिली नसेल.

मुठाकाठ | रात्री ९:२५

राजकारणात तडजोड करावी लागते, मोठं उद्दिष्ट गाठायला. यात समर्थकांनी काय रोज उपोषण करायचं?

कोथरूडी_बाणा | रात्री ९:२८

तुमची तडजोड, आमची गद्दारी. चालू द्या.

निमूट | रात्री ९:४०

एरवी लिहीत नाही, पण हे हसण्यावारी चाललंय म्हणून.

जून २०१४ मध्ये मी हडपसरला राहायचो. फेसबुकवर शिवाजी महाराज आणि बाळासाहेबांची विटंबना करणारी चित्रं कुणीतरी टाकली होती. शहरात दगडफेक, बस फोडणं, बंद. २ जूनच्या रात्री नमाज पढून घरी निघालेल्या आयटीतल्या एका पोराला टोळक्याने मारलं. त्या चित्रांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. दाढी आणि टोपी एवढाच पुरावा. जानेवारी २०२३ मध्ये खटल्यातले आरोपी सत्र न्यायालयातून निर्दोष सुटले. म्हणजे कायद्याच्या हिशेबात त्याला कुणीच मारलं नाही.

त्या रात्री आमच्या ग्रुपवर चित्रं कुणी टाकली यावर खूप चर्चा झाली. त्या पोराबद्दल दुसऱ्या दिवशी कळलं, तेव्हा ॲडमिनने लिहिलं, 'विषय संवेदनशील आहे, राजकारण नको.'

मुठाकाठ | रात्री १०:०२

निमूट, वाईटच झालं ते, त्याचं समर्थन कोण करेल? पण मग १६ एप्रिल २०२० चं गडचिंचलेही सांगा की. पालघर जिल्ह्यात दोन साधूंना आणि त्यांच्या ड्रायव्हरला पोलिसांसमोर ठेचून मारलं. तेव्हा पुण्यातले किती विचारवंत हळहळले?

डेस्कवरचा | रात्री १०:३०

गडचिंचले मी डेस्कवरून पाहिलंय. चोर आणि मुलं पळवणारे फिरतायत अशी अफवा त्या भागात आधीपासून पसरली होती, लॉकडाऊनमध्ये गावं रात्री पहारा देत होती. व्हिडिओ बाहेर आल्यावर दोन दिवसांत त्याला हिंदू-मुसलमान रंग चढला. शेवटी गृहमंत्र्यांना जाहीर सांगावं लागलं की अटकेतल्या १०१ जणांत एकही मुसलमान नाही. तरी कित्येक दिवस पॅनल त्याच रंगात चाललं.

आता याला जोडून एक विचारतो. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी समजून पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागत फिरणारी माणसं. अफवा तीच, माध्यम तेच, मेलेले जास्त. त्या महिन्यातच व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली, अशा घटनांमुळेच. या धाग्यावर सकाळपासून कुणी राईनपाड्याचं नाव घेतलं? मुठाकाठनी घेतलं नाही, बाणांनी घेतलं नाही. आम्हीही चॅनेलवर थोडे दिवस चालवलं आणि पुढे गेलो. त्या पाच जणांच्या मरणाने कुठल्याच पक्षाला दुसऱ्या पक्षाच्या तोंडावर मारायला काही मिळत नव्हतं. प्रवक्त्यांना फोन लावला तर 'दुर्दैवी घटना' एवढंच म्हणायचे. त्यावर पॅनल बसत नाही.

कोथरूडी_बाणा | रात्री १०:५१

हे लागलं.

मुठाकाठ | रात्री १०:५५

मान्य.

अभ्यासू_बोका | रात्री ११:१०

आता कुणीतरी म्हणणार, 'दोन्ही बाजूंचं वाचावं म्हणजे डोकं ताळ्यावर राहतं', म्हणून आधीच सांगतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात हे करून पाहिलंय. ट्विटरवरच्या लोकांना पैसे देऊन महिनाभर विरुद्ध बाजूचे ट्वीट वाचायला लावले. रिपब्लिकन वाचक महिन्याअखेरीस आणखी कडवे झाले. डेमोक्रॅट जरासे सरकले, तेही आपल्याच बाजूला आणखी, पण तो फरक हिशेबात धरण्याएवढा नव्हता. शत्रूपक्षाचे कर्णे नुसते ऐकून उपयोग नाही.

टेकडीवाली | सोमवार, सकाळी ७:२०

मग काय चालतं ते मी सांगते. एप्रिल २०२३ मध्ये वेताळ टेकडी वाचवायला, बालभारती-पौड फाटा रस्त्याविरुद्ध मोर्चा निघाला. आमच्या सकाळच्या ग्रुपमधून आले ते एकमेकांना 'भक्त' आणि 'चमचे' म्हणणारेच. टेकडीवर रोज भेटतात, एकाच कट्ट्यावर टेकतात. त्या ग्रुपवर राजकारण भरपूर होतं. कुठल्या नगरसेवकाकडे जायचं, निवेदन कुणाला द्यायचं. फक्त नगरसेवकच नव्हता तेव्हा! मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली, त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक. इतकी वर्षं वॉर्डात निवडून आलेला माणूस नव्हता आणि त्यावरून कुठल्या ग्रुपवर भांडण झालेलं मला आठवत नाही. यावर मात्र संताप यायला हवा होता.

नऱ्हेकरीण | सकाळी ८:४५

रात्रभर बरंच झालेलं दिसतंय.

आमच्या सोसायटीपुरतं ठरवलंय. सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरच्या आत घ्यावीच लागते, त्यात ग्रुपचा नियम बदलायचा विषय मांडणार आहे. 'राजकारण नको' काढायचं. त्याऐवजी 'फॉरवर्ड केलेलं काही नको'. जे म्हणायचं ते स्वतःच्या शब्दांत म्हणा, मग ते मंदिराबद्दल असो की धरणाबद्दल. आणि ॲडमिनने पोस्ट काढली तर का काढली ते एका ओळीत लिहायचं, म्हणजे पुढच्या वेळी दुसऱ्याच्या पोस्टला तीच ओळ लावता येते का हे सगळ्यांना बघता येईल.

मुठाकाठ | सकाळी ९:०२

फॉरवर्डची खूण जाते हो, कॉपी करून चिकटवलं की. आमच्याकडे एक आजोबा पाचशे शब्दांचा लेख चिकटवतात आणि खाली स्वतःचं नाव घालतात.

नऱ्हेकरीण | सकाळी ९:१०

घालू देत. नाव घातलं की दुपारी पार्किंगमध्ये कुणीतरी विचारणार, "काका, हे तिसऱ्या परिच्छेदातलं कुठे वाचलंत?"

बिनसाखरेचा | सकाळी ९:३१

ताई, विषय चांगला आहे, पण सभेला माणसं येणार का? आमच्याकडे दरवर्षी कोरमअभावी अर्ध्या तासाने तहकूब सभा भरते, आणि ठराव होतात ते वडापाव येईपर्यंत बसलेल्या लोकांचे.

मुठाकाठ | सकाळी ९:३६

विषयपत्रिकेत वर 'पाहुण्यांच्या गाड्यांचं पार्किंग' टाका. दोन्ही पक्षांचे लोक झाडून येतील.